वाचकांचे प्रश्न : केंद्राचा निधी आणि खासदाराचे काम

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. गावातल्या, तालुक्यातल्या कामासाठी केंद्र सरकारचा पैसा येतो तेव्हा लोकप्रतिनिधीचा त्यात नेमका वाटा किती, हा तो विषय. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या वेशीवर वर्षभरात तीन फलक लागले. पहिल्यावर खासदारांच्या अथक प्रयत्नांतून रस्त्याला केंद्राचा निधी मंजूर झाल्याचे लिहिले होते, दुसऱ्यावर तोच रस्ता आमदारांनी मंजूर करून आणल्याचे, तर तिसऱ्यावर पाणीयोजनेबद्दल पालकमंत्र्यांचे अभिनंदन होते. खासदार खरोखर निधी आणतात का, की तो येणारच असतो? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : याचे उत्तर राज्यघटनेपासून सुरू करावे लागते. संसदेच्या संमतीशिवाय केंद्राच्या तिजोरीतून एक रुपयाही खर्च होत नाही, हे आपण शाळेत शिकतो. पण ही संमती ज्या मागण्यांना द्यायची, त्या मागण्या मांडण्याचा अधिकार फक्त सरकारचा आहे, ही बाब सहसा सांगितली जात नाही. अनुच्छेद ११३ नुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या इच्छेशिवाय, अनुदानाची कोणतीही मागणी सभागृहापुढे येत नाही. त्यामुळे आपल्या तालुक्यातील पुलासाठी अर्थसंकल्पात दहा कोटींची भर घालावी, अशी दुरुस्ती खासदाराला मांडता येत नाही. त्याला कपात सूचना मांडता येते. तिच्या तीन प्रकारांपैकी एक लाक्षणिक कपात सूचना असते, आणि तिच्यात संबंधित खात्याची मागणी १०० रुपयांनी कमी करावी असा प्रस्ताव असतो. हे १०० रुपये वाचवणे हा तिचा हेतू नसून मतदारसंघाचे गाऱ्हाणे त्या खात्याच्या चर्चेत नोंदवले जावे, एवढाच असतो. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर आणि लोकसभेच्या नियम ३७७ खालील निवेदने ही त्याच्या हाती असलेली इतर साधने आहेत. ही सर्व साधने मागण्याची आहेत; त्यांतले एकही देण्याचे नाही.

पैसा गावापर्यंत येतो तो बहुतांशी योजनांच्या वाटेने, आणि प्रत्येक योजनेची वाट वेगळी असते. आपल्या पत्रातील पाणीयोजना जलजीवन मिशनमधील असेल, तर १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी निम्मा खर्च केंद्राचा आणि निम्मा राज्याचा असतो. राज्यांच्या वाट्याचे निकष ठरलेले असल्यामुळे ही रक्कम कोणा एका लोकप्रतिनिधीच्या शब्दावर येत नाही. रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील असेल, तर २०१५-१६ पासून त्यातही ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य अशी विभागणी आहे. या योजनेत कोणता रस्ता आधी घ्यायचा याचा प्राधान्यक्रम निकषांनी ठरतो. मात्र खासदारांच्या सूचना विचारात घेणे आणि एखादी सूचना घेतली नाही तर त्याची कारणे कळवणे यंत्रणेवर बंधनकारक केलेले आहे. तिसरी वाट केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीची, म्हणजे पेट्रोल-डिझेलवर आपण जो उपकर भरतो त्याची. त्यातून राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गांची कामे होतात. प्रस्ताव राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग पाठवतो आणि मान्यता दिल्लीतील रस्ते वाहतूक मंत्रालय देते. इथे खासदाराच्या शिफारशीला वजन असते, कारण राज्याच्या यादीतील अनेक रस्त्यांपैकी काहींनाच मंजुरी मिळणार असते. आपल्या गावचा रस्ता या निधीतला असेल, तर पहिले दोन्ही फलक अर्धे खरे मानायला हरकत नाही: दिल्लीत एकाने पाठपुरावा केला असेल आणि मुंबईतून प्रस्ताव निघावा म्हणून दुसऱ्याने.

मला स्वतःला फलकावरील नावापेक्षा ‘मंजूर’ हा शब्द अधिक खटकतो. सरकारी कामात या एका शब्दाच्या पोटात किमान सहा पायऱ्या असतात. आधी तत्त्वतः मान्यता, मग अंदाजपत्रक व प्रशासकीय मान्यता, नंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि निधीचा पहिला हप्ता. पुढचा हप्ता हवा असेल तर आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत दिल्लीला पोचावे लागते, आणि ते न पोचल्यामुळे अडकलेली कामे आपल्या प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. फलक बहुधा पहिल्या पायरीवर लागतो. ज्या खासदाराचे कार्यालय चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीवरही जिल्हा परिषदेला आणि बांधकाम विभागाला विचारत राहते, त्याने निधी आणला असे म्हणणे न्याय्य होईल.

प्रश्न : खासदार निधीचे ५ कोटी रुपये खासदारांच्या खात्यात जमा होतात का? ते खर्च झाले नाहीत तर कोणाकडे राहतात? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : खासदारांच्या हातात या योजनेतील एक रुपयाही जात नाही. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाख रुपये होते. पुढच्याच वर्षी ती रक्कम १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी झाली. खासदार कामाची शिफारस करतो. काम पात्र आहे की नाही हे पाहून मंजुरी देण्याचे, यंत्रणा नेमण्याचे आणि देयके अदा करण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडे असते. लोकसभेच्या सदस्याने आपल्या मतदारसंघात, राज्यसभेच्या निर्वाचित सदस्याने आपल्या राज्यात आणि नियुक्त सदस्याने देशात कुठेही कामे सुचवावीत, असा सर्वसाधारण नियम आहे. दरवर्षी १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावी लागते. खर्च न झालेली रक्कम खासदाराच्या मालकीची कधीच होत नाही. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने ही योजना थांबवली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली, यावरूनही हा पैसा कोणाचा आहे ते स्पष्ट होते.

या निधीचा आवाका किती, तेही पाहावे. लोकसभेच्या एखाद्या मतदारसंघात सुमारे १८ लाख मतदार धरले, तर दर मतदारामागे वर्षाला साधारण २८ रुपये येतात. महाराष्ट्राचे लोकसभेतील ४८ आणि राज्यसभेतील १९ सदस्य मिळून वर्षाला ३३५ कोटी होतात. सभामंडप, शाळाखोली, रुग्णवाहिका, हातपंप यांसाठी ही रक्कम उपयोगी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. परंतु खासदाराचे मोजमाप या ५ कोटींवरून करणे म्हणजे शेतकऱ्याची कुवत त्याच्या परसबागेवरून ठरवण्यासारखे आहे.

प्रश्न : अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेची वाट पाहण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. प्रत्येक निवडणुकीत खासदारांनी आश्वासन दिले. इतके खासदार होऊन गेले, तरी एवढा वेळ का लागला? यात त्यांचा दोष किती? (एक निवृत्त शिक्षक, आष्टी तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील कळकळ मनाला भिडली, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. सुमारे २६१ किलोमीटरच्या या मार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा बीडच्या खासदार केशरकाकू क्षीरसागर होत्या. त्यांच्यानंतर रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे आणि प्रीतम मुंडे यांनी बीडचे प्रतिनिधित्व केले. आष्टीपर्यंतची गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तेव्हा बजरंग सोनवणे खासदार होते. बीडपासून परळीकडचा टप्पा त्यानंतरही बांधायचा उरला होता. मंजुरी आणि बीड शहरात पोचलेली पहिली गाडी यांच्यामध्ये ३० वर्षे आणि बीडचे सहा खासदार आहेत. पक्ष बदलले, सरकारे बदलली, तरी गाडी आली नाही, हे पाहता सर्व दोष एखाद्या व्यक्तीच्या माथी मारता येणार नाही.

रेल्वेच्या नव्या मार्गाला मंजुरी मिळाली, म्हणजे तो मार्ग ‘पिंक बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेच्या कामांच्या वार्षिक यादीत आला, एवढेच. त्या यादीत दरवर्षी प्रत्येक कामापुढे रक्कम लिहिलेली असते, आणि काम जिवंत ठेवण्यापुरती अवघ्या १,००० रुपयांची तरतूद दाखवलेले प्रकल्पही त्यात वर्षानुवर्षे असतात. असे काम मंजूरही असते आणि बंदही. ज्या मार्गावर भाड्यातून आणि मालवाहतुकीतून खर्च भरून निघण्याची शक्यता कमी, त्याला रेल्वे मंडळ सढळ हाताने पैसे देत नाही. दुष्काळी पट्ट्यातून जाणारा हा मार्ग असाच होता. इथे दिल्लीतील भाषणे कमी पडत होती, कारण गाठ मुंबईतही होती. राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केल्यावर चित्र बदलले. मग भूसंपादनाचा वेग आणि राज्याचा हिस्सा दरवर्षी वेळेत जमा होणे, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून राहिले. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गातही राज्याने ४० टक्के वाटा उचलला आहे. अशा प्रकल्पात खासदाराला रेल्वेमंत्र्यांइतकाच राज्याचा अर्थ विभाग आणि जिल्ह्याचा भूसंपादन अधिकारी महत्त्वाचा असतो. माझ्या मते या ३० वर्षांतील खरी उणीव आश्वासनांची नव्हती. दरवर्षीची तरतूद, दरवर्षीचा राज्याचा हिस्सा आणि दरवर्षीचे संपादित क्षेत्र यांचा हिशेब कोणीही मतदारांपुढे सलगपणे मांडला नाही. तो मांडला गेला असता तर आपल्यासारख्या जाणत्या नागरिकांनी योग्य दारावर योग्य वेळी धडक दिली असती.

लोकप्रतिनिधी काय करू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. कोकण रेल्वेची मागणी राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी लावून धरली आणि त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांनी सलग पाच वेळा त्याच मतदारसंघातून निवडून येत ती पुढे नेली. आपटा–रोहा हा टप्पा १९८६ मध्ये झाला, तरी रोह्याच्या पुढे सह्याद्रीचे कडे, खाड्या आणि खर्च यांपुढे सगळे थबकत होते. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांनी वेगळाच रस्ता काढला. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून पैसे मागत बसण्याऐवजी जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भागभांडवल होते, आणि उरलेला मोठा खर्च रोख्यांतून उभा करण्यात आला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. फर्नांडिस आणि दंडवते मंत्रिपदावर होते ही अनुकूलता सर्वांनाच मिळत नाही, हे खरे. पण नाथ पै आणि दंडवते हे दोघेही विरोधी बाकांवरच बराच काळ बसले होते, आणि त्या वर्षांत मागणी जिवंत राहिली म्हणून संधी येताच योजना तयार होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आमच्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) सदस्यांनी शहराच्या जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी मिळवून दिल्याचे पत्रक नुकतेच घरी आले. हा निधी आपल्याकडच्या खासदार निधीसारखाच असतो का? (एक वाचिका, एडिसन परिसर)

उत्तर : दोन्हींत मुळातच फरक आहे. भारतात प्रत्येक खासदाराला ठरावीक रक्कम आहे, पण अर्थसंकल्पात स्वतःहून काही घालण्याचा अधिकार नाही. अमेरिकेत काँग्रेस सदस्याच्या नावावर ठरावीक रक्कम नाही, पण खर्चाचे विधेयक लिहिण्याचा अधिकार काँग्रेसचाच आहे. त्यामुळे सदस्य आपल्या मतदारसंघातील एखादे काम नावानिशी आणि रकमेनिशी वार्षिक विनियोजनात घालून घेऊ शकतो. याला तिकडे ‘इअरमार्क’ म्हणतात. ही पद्धत मधल्या काळात बदनाम झाली होती. अलास्कातील केचिकान शहर आणि शेजारचे ग्रॅव्हिना बेट यांना जोडणाऱ्या पुलासाठी २००५ च्या वाहतूक कायद्यात २२ कोटींहून अधिक डॉलर राखून ठेवण्यात आले. बेटावर विमानतळ असला, तरी कायमची वस्ती जेमतेम पन्नास माणसांची होती. देशभर टीका झाली आणि २००७ मध्ये तो पूल रद्द झाला. त्याच काळात काही सदस्यांच्या लाचखोरीची प्रकरणेही उघड झाली आणि २०११ पासून काँग्रेसने इअरमार्क बंद केले.

दहा वर्षांनंतर, २०२१ मध्ये, ते नव्या नियमांसह परत आले. प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, त्यांना ‘कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग’ असे नाव दिले गेले. नफा कमावणाऱ्या कंपनीला असा निधी मागता येत नाही. सदस्याला प्रत्येक मागणी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि त्या कामात आपला किंवा आपल्या कुटुंबाचा आर्थिक संबंध नाही, असे लेखी द्यावे लागते. मागण्यांची संख्याही मर्यादित आहे: २०२२ च्या आर्थिक वर्षासाठी प्रतिनिधिगृहातील सदस्याला १० आणि त्याच्या पुढच्या वर्षी १५ मागण्या करता आल्या. म्हणून आपल्या शहराची मागणी मूळ यादीत कोणत्या शब्दांत आणि किती रकमेची होती, हे आपण घरबसल्या पाहू शकता. महाराष्ट्रातील वाचकांनी हा नियम लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे खासदाराने कोणत्या कामांची पत्रे कोणत्या मंत्रालयाला दिली याची एकत्रित यादी जाहीर करण्याचे बंधन नाही, आणि ते असायला हवे.

पत्रक वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ही बातमी मागणी केल्याची आहे की कायदा झाल्याची. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी सदस्यांनी मागण्या केल्या होत्या, त्या समित्यांपुढे आल्याही होत्या. परंतु मार्च २०२५ मध्ये संपूर्ण वर्षासाठी जो कायदा झाला, त्यात एकही इअरमार्क नव्हता, आणि अनेक शहरांनी गृहीत धरलेला पैसा त्या वर्षी आला नाही. दुसरी, स्थानिक हिस्सा किती आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेमार्फत येणाऱ्या अशा पाणीकामांत सर्वसाधारणपणे २० टक्के वाटा स्थानिक संस्थेला उभा करावा लागतो, आणि तो बहुधा आपल्या पाणीपट्टीतून किंवा शहराच्या कर्जातून येतो.

प्रश्न : मी एका लहान गावचा सरपंच आहे. ओढ्यावरील पुलाअभावी पावसाळ्यात आमच्या दोन वस्त्या तुटतात. खासदारांना भेटायला जाताना काय घेऊन जावे? (सातारा जिल्हा)

उत्तर : निवेदन आणि शाल घेऊन जाणाऱ्यांची संख्या मोठी असते, आपण तयार प्रस्ताव घेऊन जावे. ग्रामसभेचा ठराव, ओढ्याची आणि जोडरस्त्याची जागा कोणाच्या मालकीची आहे याचे उतारे, रस्त्याचा क्रमांक जिल्ह्याच्या रस्ते आराखड्यात आहे की नाही याची खातरजमा, आणि शाखा अभियंत्याकडून घेतलेले ढोबळ अंदाजपत्रक, एवढे सोबत असले की खासदाराचे पत्र योग्य विभागाला योग्य शब्दांत जाते. पूल कोणत्या रस्त्यावर आहे यावर निधीची वाट ठरते. ग्रामीण रस्ता असेल तर ग्रामसडक योजना किंवा जिल्हा नियोजन समिती, राज्यमार्ग वा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडून केंद्रीय रस्ते निधी, आणि काम अगदी लहान असेल तर खासदार निधी. चुकीच्या खात्याकडे गेलेले जोरदार पत्रही परतच येते, आणि त्यात एक अर्थसंकल्प निघून जातो. केंद्राकडे जाणारा प्रस्ताव पावसाळा संपताच तयार ठेवावा, कारण खात्यांच्या पुढच्या वर्षाच्या मागण्या हिवाळ्यात आकार घेतात आणि १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेल्यावर फारसे काही बदलत नाही.

आणखी एक व्यासपीठ आपल्याला ठाऊक असावे. प्रत्येक जिल्ह्यात केंद्राच्या योजनांसाठी जिल्हा विकास समन्वय व सनियंत्रण समिती असते. तिला ‘दिशा’ म्हणतात. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या या समितीचे अध्यक्ष लोकसभेचे खासदार असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात आणि तिची बैठक दर तिमाहीला होणे अपेक्षित आहे. खर्चाचे अधिकार नसलेल्या खासदाराला जिल्ह्यातील सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवून जाब विचारण्याची ही अधिकृत जागा आहे. आपल्या जिल्ह्यात मागील बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त मिळेल का, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आपल्या पुलाचा उल्लेख होईल का, हे तीन प्रश्न खासदारांच्या कार्यालयात लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.